पाहुणा रात्री अडीचला उतरला तरी तुमची झोप मोडू नये : चावी आणि सेल्फ चेक-इन

जळगाव-भुसावळला दोन-चार दिवसांसाठी घर भाड्याने देणाऱ्याचं वेळापत्रक रेल्वे ठरवते. मुंबई-हावडा मार्ग इथूनच जातो, सुरतेकडची लाइन जळगावला येऊन मिळते, आणि लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या इथे रात्रीच थांबतात. त्यात गाडी लेट. अजिंठ्याला निघालेलं जोडपं असो, लग्नाची पाहुणेमंडळी असोत की रावेर-यावलला केळीच्या सौद्यासाठी आलेला व्यापारी, सगळे अवेळीच दारात. "मी येतो ना चावी द्यायला" हा उत्साह पहिल्या महिन्यातच मावळतो. आणि चावी कुंडीखाली किंवा मीटरच्या पेटीत ठेवा असा सल्ला देणाऱ्याने परक्या माणसाला कधी घर दिलेलं नसावं. त्या जागा चोराला पाहुण्याच्या आधी आठवतात. त्यावर उपाय सेल्फ चेक-इन : तुम्ही घरी झोपलेले असताना पाहुणा कोड लावून दाराजवळच्या पेटीतून चावी काढतो, किंवा कोडवर चालणारं डिजिटल कुलूप स्वतःच उघडतो.

सोसायटीची परवानगी, घरमालकाची संमती वगैरे झालेलं आहे असं धरून चालतो.

पेटी की डिजिटल कुलूप?

नवा फ्लॅट, सरळ बसणारं दार आणि इन्व्हर्टर असेल तर डिजिटल कुलूप घ्या. मात्र कोड कुलपातच साठवणारं घ्या. वाय-फाय बंद पडलं की कोडही बंद, असलं कुलूप लाइट जाणाऱ्या गावात काय कामाचं? सेल संपल्यावर बाहेरून वीज देण्याची सोय आणि साध्या चावीचं भोक, दोन्ही हवीत. माहितीपुस्तिकेत तापमानाची मर्यादा लिहिलेली असते, ती विकत घेण्याआधी वाचा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५च्या आसपास जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचं लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापतं. जुन्या घराचं सागवानी दार पावसाळ्यात फुगतं. मग कुलपाचा दांडा अडतो, मोटर कण्हत राहते आणि सेल भराभर उतरतात.

म्हणून कडी-कोयंड्याच्या घराला आकड्यांची चावीपेटीच बरी. ती भिंतीत स्क्रूने पक्की बसवा. कडीला लटकवायची पेटी नको, ती उचलून नेता येते. जागा पोर्चखालची, उन्हापासून लांब, रस्त्यावरून न दिसणारी. शेजारी हालचालीवर लागणारा दिवा हवा, नाहीतर पाहुणा एका हातात मोबाइलची बॅटरी धरून दुसऱ्या हाताने आकडे फिरवत बसतो.

पेट्यांत दोन जाती असतात. एक चाकांची, दुसरी बटणांची. बटणांच्या बहुतेक यांत्रिक पेट्यांत आकड्यांचा क्रम मोजलाच जात नाही. २५८१ दाबा नाहीतर १८५२, पेटी उघडते. शिवाय एक आकडा दोनदा वापरता येत नाही. १० बटणांतून ४ निवडायची तर सगळे मिळून २१० कोड होतात. चार चाकांच्या पेटीत १०,०००. दुकानदार बटणांचीच पेटी पुढे करील, तुम्ही चाकांची घ्या.

कोड बसवणं : इथेच सगळं बिघडतं

दुकानात हे दोन मिनिटांचं काम म्हणून दाखवतात. मला यात सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेटीचं दार उघडलं की चाकांच्या मागे एक छोटी पट्टी दिसते. ती सरकवायची, हवे ते आकडे लावायचे आणि पट्टी परत मूळ जागी आणायची. लोक नेमकं हे शेवटचं विसरतात. पट्टी तशीच राहिली तर पुढे चाकं जिथे फिरतील तोच नवा कोड होत जातो. तुम्ही दार लावता, सवयीने चाकं फिरवता, आणि पेटीला असा कोड बसतो जो जगात कुणालाच माहीत नाही. चावी आत.

म्हणून चाचणी दार उघडं ठेवूनच करायची. चाकं फिरवा, खटका दाबा : हलायला नको. कोड लावा, दाबा : हलायला हवा. असं तीनदा. मगच चावी आत ठेवा. ही चाचणी घाईत टाळणाऱ्याला मी चावी सांभाळायला देणार नाही.

कोड कोणता ठेवायचा? पाहुण्याच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे, असा सल्ला सर्रास दिला जातो. लग्नसराईत तो साफ टाकाऊ आहे. बुकिंग नवरदेवाच्या काकांच्या नावावर असतं आणि काकांचा नंबर पत्रिकेवर छापलेला असतो! तसंही वऱ्हाडात कोड एकाला दिला की संध्याकाळपर्यंत तो बँडवाल्यालाही पाठ होतो. त्यामुळे प्रत्येक पाहुण्यानंतर कोड बदला, अपवाद नको. वर्ष, घर नंबर, गाडीचा नंबर यातलं काही वापरू नका. आणि पाहुण्याला स्पष्ट सांगा : पेटी लावल्यावर चारही चाकं फिरवा. माणसं एकच चाक एका घराने सरकवतात आणि कुलूप लावलं असं समजतात.

निरोप

नकाशावरचा ठिपका आपल्या जुन्या वस्तीत हमखास मागच्या गल्लीत पडतो. रात्री अनोळखी माणूस बॅग घेऊन चुकीच्या ओट्यासमोर उभा राहिला की खाटेवरून नाना विचारणारच, "कोनाकडे उनात भो?" आधी नानांना कल्पना देऊन ठेवा. नाना जागे असणं हा कॅमेऱ्यापेक्षा चांगला बंदोबस्त आहे.

निरोप असा लिहा :

"रिक्षावाल्याला मारुती मंदिर सांगा. मंदिराकडे तोंड करून उजवीकडची गल्ली, तिसरं घर, निळं गेट. गेटची कडी आतून डाव्या हाताला. पोर्चमध्ये शिरलात की दिवा आपोआप लागेल. पेटी नळाच्या वर, भिंतीवर. कोड लावा, काळा खटका खाली दाबा. चावी घेऊन पेटी बंद करा, चारही चाकं फिरवा."

सोबत दोन फोटो, गेटचा आणि पेटीचा, रात्री काढलेले. दिवसाचा फोटो रात्री ओळखू येत नाही. पत्ता आदल्या दिवशी पाठवा, कोड मात्र ओळखपत्र आल्यावरच. आधार मागत असाल तर शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क केलेलं चालवून घ्या. अजिंठ्यामुळे परदेशी पाहुणेही येतात. त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो. तुम्ही दारात नव्हता म्हणून त्यातून सुटका नाही. त्यासाठीची नोंदणी आधीच करून ठेवा.

दुसरी चावी

आपोआप लागणारा लॅच असेल तर पाहुणा कधी ना कधी बनियनवर बाहेर अडकणारच. दूध घ्यायला जातो, मागे दार लागतं. दुसरी चावी शेजारच्या मावशींकडे द्या, त्यांना विचारून, आणि दिवाळीला मिठाईचा डबा द्यायला विसरू नका. चावीला घराचा पत्ता लिहिलेली चकती लावू नका, नुसती रंगीत दोरी पुरे.

निघताना

चावी पेटीत, चाकं फिरवलेली, असा फोटो पाहुण्याकडून मागा. फोटो आला नाही तर फोन करा. गाडी अजून नाशिकच्या अलीकडे असेल तर चावी खिशात सापडते आणि कुरिअरने येते. दोन दिवसांत आली नाही तर लॅचचा सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो भाग, बदलून टाका, त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापा, आणि ही अट बुकिंगच्या वेळीच लिहून कळवलेली असू द्या.