सीडी अडकतेय? गोल गोल पुसू नका

जुन्या सीडी-डीव्हीडीवरचे फोटो कॉपी करायला घेतले की मधेच ड्राइव्ह घरघर करतो आणि कॉपी तिथंच अडकून बसते, पण बऱ्याचदा डिस्क गेलेली नसते, नुसते बोटांचे ठसे असतात. आपण टीशर्टच्या टोकाने गोल गोल पुसतो ना, तिथंच चुकतं. डेटा गोलाकार ओळीत असतो, त्यामुळे गोल ओरखडा पडला तर सलग बराच डेटा जातो, आडवा बारीक ओरखडा मात्र ड्राइव्ह सांभाळून घेतो.

१. डिस्क कडेला धरा, आधी धूळ उडवा.
२. चष्म्याचं मऊ कापड किंचित ओलं करा आणि मधल्या भोकापासून सरळ कडेपर्यंत पुसत जा, चाकाच्या आऱ्यांसारखं.
३. पूर्ण वाळू द्या, मगच ड्राइव्हमध्ये टाका. वाचली की लगेच सगळं हार्ड डिस्कवर घ्या, नंतर करू म्हणू नका.

आणि हो, सीडीची नावाची बाजू जास्त नाजूक असते! खालून १ मिमीच्या वर प्लॅस्टिक असतं, वरून मात्र पातळ थरच, म्हणून तिकडे घासू नका, बॉलपेननेही लिहू नका.