खिशातलं रेडिएशन ऑन्कोलॉजीचं पुस्तक: घेतल्या घेतल्या करायचं काम

रेसिडेन्सीला लागलात की सीनियरचं जुनं पॉकेट हँडबुक फुकटात मिळतं, घ्या खुशाल, पण आधी सर्व्हायकल कॅन्सरचं पान उघडा. पेल्विक नोड पॉझिटिव्ह (ओटीपोटातल्या लसीका गाठींत कॅन्सर) म्हणजे स्टेज ३सी१ आणि पॅरा-एऑर्टिक (महाधमनीजवळच्या गाठी) म्हणजे ३सी२ असं दिसलं नाही तर ते फिगोच्या (स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) २०१८ च्या स्टेजिंगच्या आधीचं आहे, स्टेजिंग त्यातून सांगू नका (मी राउंडला सांगितलं होतं, सरांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं).

दुसरं म्हणजे डोस कन्स्ट्रेंट, म्हणजे एखाद्या अवयवाला जास्तीत जास्त किती रेडिएशन चालतं ती मर्यादा. स्पायनल कॉर्डला ४५ ते ५० ग्रे (रेडिएशन डोसचं एकक) मॅक्स वगैरे जे आकडे आपण पाठ करतो ते रोज साधारण २ ग्रे देतो त्या हिशोबाचे असतात, त्यामुळे ३० ग्रे १० फ्रॅक्शनमध्ये (हप्त्यांत) आधी झालेला पेशंट परत आला तर सरळ वजाबाकी करायची नाही. कॉर्डचा अल्फा-बीटा (दर हप्त्याच्या डोसला ऊती किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) २ धरला तर ३० गुणिले (३+२) भागिले (२+२), म्हणजे २-२ ग्रेच्या हिशोबात ३७.५ ग्रे. हे गणित मी कव्हरच्या आतच पेन्सिलने लिहून ठेवलंय, रात्री डोकं चालत नाही.

टॅब मात्र एकच लावा, कॉर्ड कंप्रेशनला (कॅन्सरमुळे स्पायनल कॉर्डवर दाब येणं). पाठदुखी आणि पाय लुळे पडतायत असा कॉल आला की डेक्सामेथासोन (स्टेरॉइड), अर्जंट एमआरआय, सर्जनला फोन, आणि ८ ग्रे एकदाच की २० ग्रे ५ मध्ये हे तुमच्या डिपार्टमेंटमध्ये कसं ठरवतात ते तिथेच समासात लिहा. सगळ्या पानांना रंगीबेरंगी टॅब लावले की एकही सापडत नाही.