इंटरलेयरनं (मधल्या पातळ थरानं) गॅलियम नायट्राइड क्वांटम वेलचा (इलेक्ट्रॉन अडकवणाऱ्या पातळ थराचा) इन्फ्रारेड शोषणाचा पीक किती सरकते, हे असं मोजा

नागपुरात पावसाळा लागला की एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम मोजायचं यंत्र) चालू करायच्या आधी कोरडा नायट्रोजन सोडून पर्ज कराच, नाहीतर पाण्याच्या वाफेच्या रेषा स्पेक्ट्रमभर दिसून राहतात आणि पोटॅशियम ब्रोमाइडचा बीमस्प्लिटर ओल धरते ते वेगळंच. दोन सॅम्पल घ्या, वेल आणि सिलिकॉन डोपिंग सेम, फक्त एकात वेल आणि अल्गॅन (अॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइड) बॅरियरच्या, म्हणजे वेलच्या बाजूच्या भिंतीसारख्या थराच्या, मधात 1 नॅनोमीटरचा अॅल्युमिनियम नायट्राइडचा थर.

आता कडा 45 अंशात घासून आरशासारख्या पॉलिश करा. इथं घाई नको भाऊ, कारण इंटरसबबँडला (वेलमधल्या एका ऊर्जा पातळीवरून दुसरीवर इलेक्ट्रॉन उडी मारते त्याला) ग्रोथच्या, म्हणजे थर वाढतात त्या, दिशेतलंच इलेक्ट्रिक फील्ड पायजे, लाइट सरळ वरून टाकला तर काहीच दिसत नाही, म्हणून तो घासलेल्या कडेतून तिरपा टाकायचा. टीएमचा (फील्डचा काही भाग ग्रोथच्या दिशेत असलेल्या लाइटचा) स्पेक्ट्रम टीईनं (फील्ड थरांच्या पातळीतच असलेल्या लाइटच्या स्पेक्ट्रमनं) भागा, उरते तो खरा पीक.

इंटरलेयरनं बॅरियर उंच होते, पोलरायझेशनचं फील्डही बदलते, म्हणून पीक बहुतेक कमी वेव्हलेंथकडं जाते. पण वेलची जाडी एक मोनोलेयर (अणूंचा एक थर), म्हणजे 0.26 नॅनोमीटर, इकडंतिकडं झाली तरी पीक हलते, म्हणून आधी एक्सआरडीनं (एक्स-रे डिफ्रॅक्शननं) जाडी तपासा! अॅल्युमिनियम नायट्राइडचा थर जाड करू नका, 2.4 टक्के लॅटिस मिसमॅचनं (दोन स्फटिकांतल्या अणूंच्या अंतरातल्या फरकानं) तडे जातात. आणि 6 मायक्रॉनपुढचं मोजायचं असेल तर सफायर सबस्ट्रेट (खालची चकती) घेऊच नका, तो लाइट स्वतःच खाऊन टाकते.