आधीच्या रहिवाशाच्या नावाने कर्जवसुलीची पत्रे येत असतील तर काय करावे

भुसावळची रेल्वे, दीपनगरचे वीजकेंद्र, वरणगावची आयुध निर्माणी यांमुळे या पट्ट्यात बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांची कमतरता नाही. जळगाव आणि धुळ्याच्या नव्या वसाहतींतही भाडेकरू दोन-तीन वर्षांत बदलतो. कर्जाच्या फाइलमधला पत्ता मात्र कर्जदाराने स्वतः कळवल्याशिवाय बदलत नाही, आणि हप्ते थकवून गेलेला माणूस तो बहुधा कळवत नाही. त्यामुळे नव्याने राहायला आलेल्यांच्या दारात अनोळखी नावाची पाकिटे पडू लागतात, काही दिवसांनी फोन येतात आणि मग मोटारसायकलवरून कोणीतरी चौकशीला येते.

एका पत्त्यावर राहिल्यामुळे कोणाचे कर्ज दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. आपण सहकर्जदार किंवा जामीनदार नसू, आणि मृत कर्जदाराचे वारस म्हणून त्याची मालमत्ता आपल्याकडे आलेली नसेल, तर त्या रकमेशी आपला संबंध नाही. मात्र काही देणी माणसाबरोबर निघून न जाता घराला चिकटून राहतात. म्हणून पाकीट हातात पडताच त्यावरचे नाव, पाठवणाऱ्या संस्थेचे नाव आणि बाहेरून दिसणारा संदर्भ क्रमांक पाहून पुढच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पाकीट उघडू नये आणि फाडून टाकूही नये. उघडल्याने आपल्याला उपयोगाचे फारसे काही हाती लागत नाही, उलट दुसऱ्याची खाजगी माहिती आपल्याकडे आल्याची नसती जबाबदारी येते.

टपाल परत करताना शेऱ्याचे शब्द महत्त्वाचे असतात. पुष्कळ जण वैतागून पोस्टमनला ‘आम्हाला नको, घेऊन जा’ असे सांगतात आणि पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडतो. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम 27 नुसार योग्य पत्त्यावर नोंदणी करून पाठवलेली नोटीस पोहोचली असे गृहीत धरता येते, आणि नकाराचा शेरा असेल तर न्यायालये सहसा नोटीस बजावली गेली असेच मानतात. धनादेश न वटल्याच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम द्यायची असते. म्हणजे आपल्या एका बेफिकीर वाक्याने, ज्याला नोटिशीचा पत्ताच नाही अशा माणसाविरुद्ध मुदत सुरू झाल्याचे चित्र उभे राहू शकते. त्याने पैसे बुडवले असतील, नसतीलही. तो निवाडा आपल्या दारात व्हायला नको. पोस्टमनला ‘ही व्यक्ती येथे राहत नाही, घर सोडून गेली आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि तोच शेरा लिहायला लावावा. पोचपावतीच्या कागदावर किंवा पोस्टमनच्या मोबाइलच्या पडद्यावर सही करू नये. घरात मुले किंवा वृद्ध एकटे असतील तर त्यांनाही हे समजावून ठेवावे, कारण दुपारच्या वेळी सही बहुधा त्यांचीच घेतली जाते.

पेटीत टाकलेले साधे पत्र असेल तर पत्ता न झाकता पाकिटावर ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, प्रेषकाकडे परत’ असे लिहून ते पोस्टात द्यावे. खाजगी कुरिअरचे पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकून उपयोग नाही. ते आणणाऱ्यालाच तिथल्या तिथे परत करावे.

एवढ्याने पत्रे थांबतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. परत गेलेली पाकिटे एखाद्या कोपऱ्यात साठतात आणि संगणक पुढच्या महिन्यात नवे पत्र छापतो. नोंद बदलते ती शाखेत किंवा संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, म्हणून तेथे एक लेखी पत्र देणे हेच यातले खरे काम आहे. ते साधारण असे असावे :

‘आपल्या संस्थेकडून श्री. अमुक यांच्या नावे, संदर्भ क्रमांक तमुक, आमच्या पत्त्यावर पत्रे येत आहेत. सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. मी अमुक दिनांकापासून येथे राहत असून त्यांच्याशी माझे कोणतेही नाते, भागीदारी अथवा व्यवहार नाही. मी त्यांचा जामीनदार वा सहकर्जदार नाही. तरी हा पत्ता आपल्या नोंदीतून संपर्कासाठी वगळावा, आपल्या वसुली प्रतिनिधींना तसे कळवावे आणि केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर द्यावे.’

सोबत नोंदणीकृत भाडेकराराच्या पहिल्या पानाची किंवा, घर विकत घेतले असल्यास, सूची क्रमांक दोनची (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू) प्रत जोडावी. आधार क्रमांक, पॅन आणि भाड्याची रक्कम काळ्या शाईने झाकून मगच झेरॉक्स काढावी. शाखा गावातच असेल तर पत्र हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. आधीच्या रहिवाशाचा नंबर घरमालकाकडे असेल तर ‘पत्ता बदलून घ्या’ एवढा निरोप द्यायला हरकत नाही, पण त्याला शोधून देण्याचे काम आपले नाही. पाकिटावर बँकेचे नाव पाहून गल्लीत चर्चा करणे तर टाळावेच. आपल्याकडे अशी बातमी ओट्यावरून ओट्यावर जायला वेळ लागत नाही.

वसुलीचा माणूस दारात आला तर त्याच्याकडे ओळखपत्र आणि संस्थेने दिलेले अधिकारपत्र मागावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या वसुली प्रतिनिधीने ते जवळ बाळगायचे असते. त्याच नियमांनुसार वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाहीत, आणि धमकी, शिवीगाळ किंवा चारचौघांत अपमान करायला मनाई आहे. त्याला घरात घेण्याचे बंधन नाही. भाडेकरार लांबून दाखवावा, प्रत देऊ नये आणि कोणत्याही कोऱ्या किंवा छापील कागदावर सही करू नये. ‘थोडे भरा, मग नाव निघेल’ असे कोणी सुचवले, क्यूआर कोड किंवा लिंक पाठवली, तर ती वसुली नसून फसवणूक असण्याचीच शक्यता जास्त. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. धमकी असेल तर 112 आहे.

लेखी पत्रानंतरही त्रास चालू राहिला तर तक्रार कोठे करायची, हे पत्र कोणाचे आहे त्यावरून ठरते. बँक किंवा वित्त कंपनी असेल तर आधी तिच्या मुख्य कार्यालयातील तक्रार विभागाकडे जावे. 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची सोय आहे, परंतु ती योजना मुळात त्या संस्थेच्या ग्राहकांसाठी असल्याने तिऱ्हाईताने केवळ तिच्यावर विसंबू नये. छळ असेल तेथे पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देणे अधिक उपयोगी ठरते. खानदेशात मात्र पुष्कळ कर्जे पतसंस्थांची असतात आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात. त्यांच्याबद्दलची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावी.

राष्ट्रीय लोक अदालतीच्या आधी वाटल्या जाणाऱ्या नोटिसांनी लोक विशेष घाबरतात, कारण त्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नाव असते. त्यातल्या अनेक दाखलपूर्व प्रकरणांच्या, म्हणजे अजून दावाच दाखल न झालेल्या असतात, आणि तेथे तडजोड होते ती दोन्ही बाजूंच्या संमतीने. नाव आपले नसेल तर ती ‘येथे राहत नाही’ या शेऱ्यासह परत करावी. न्यायालयाचा बेलीफ समन्स घेऊन आला तर त्यालाही हेच सांगून अहवालात तसे लिहायला सांगावे. समन्स कर्जदारासोबत राहणाऱ्या प्रौढ कुटुंबीयाकडे देता येते, म्हणून आपण त्याचे कुटुंबीय नाही हे ठासून सांगणे आवश्यक आहे. पतसंस्थेचा वसुली अधिकारी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 च्या वसुली दाखल्यावर जप्तीसाठी आला, तर घरातील टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल आपली असल्याची बिले आणि आरसी दाखवून जागेवरच लेखी हरकत नोंदवावी.

आता घराला चिकटणाऱ्या देण्यांविषयी. आधीचा रहिवासी भाडेकरू नसून घराचा मालक असेल आणि आपण त्याच्याकडून घर घेतले असेल, किंवा सध्याच्या घरमालकाच्याच नावाने पत्र येत असेल, तर ‘माझा संबंध नाही’ म्हणून पाकीट परत करणे धोक्याचे ठरते. घर तारण असेल तर बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली आधी 60 दिवसांची मागणी नोटीस देते आणि त्यानंतर ताब्याची नोटीस दारावर चिकटवून दोन वर्तमानपत्रांत छापते. अशी नोटीस दारावर दिसली की तिचा फोटो काढून त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे, कारण बँकेच्या ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत 45 दिवसांची असते. भाडेकरूलाही आपला भाडेहक्क तेथे मांडता येतो, आणि त्या वेळी नोंदणीकृत करार नसला तर बाजू लंगडी पडते. शहरात मालमत्ता पत्रकावर, गावात सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढला आहे का हे पाहावे. केंद्रीय तारण नोंदणीच्या, म्हणजे सरसाईच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मालमत्तेवरचे तारण शोधता येते. उतारा कोरा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण मूळ खरेदीखत बँकेत ठेवून घेतलेले गहाण उताऱ्यावर असेलच असे नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूचीचा शोधही घ्यावा. महापालिका किंवा नगरपालिकेची थकलेली घरपट्टीही मालमत्तेवरच राहते आणि महावितरणची थकबाकी नव्या जोडणीच्या वेळी पुढे येऊ शकते, तेव्हा खरेदीपूर्वीच या दोन्हींच्या थकबाकी नसल्याच्या दाखल्यांचा आग्रह धरावा.

शेवटी स्वतःचा पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा आणि परतफेडीचा तपशील, पाहून घ्यावा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. पत्ता सारखा असल्याने कर्ज जोडले जात नाही, पण नावही मिळतेजुळते असेल तर गोंधळ होऊ शकतो. अनोळखी कर्ज दिसले तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरच हरकत नोंदवावी; 30 दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला मिळण्याची तरतूद आहे.