रूळ आधी सलग टाका, मग सांध्यावर कापा

प्रदर्शनात न्यायची मोठी मॉडेल रेल्वे सुट्या फळ्यांवरच बांधावी लागते, आणि गाडी घसरते ती बहुतेक वेळा दोन फळ्यांच्या सांध्यावर. म्हणून डोंगर, इमारती, सिग्नल सगळं नंतर. आधी सांधा.

नुसत्या नटबोल्टवर विसंबू नका, बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई राहतेच. समोरासमोरच्या कडांना पितळी डॉवेल (एका कडेची खुंटी दुसरीच्या खोबणीत घट्ट बसते अशी जोडी) बसवा. फळी नेमक्या जागी आणायचं काम डॉवेलचं, बोल्ट फक्त आवळायला. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे शेवटचे स्लीपर तांब्याचा थर असलेल्या पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) पट्टीचे घ्या आणि ते चिकटवून वर बारीक स्क्रूही लावा. आता फळ्या जोडलेल्या असतानाच रूळ सलग टाका, पट्टीला सोल्डर करा आणि मगच बारीक कटिंग डिस्कने कापा. दोन्ही टोकं आपोआप एका रेषेत येतात. दोन रुळांच्या मधला तांब्याचा थर मात्र खरवडून तोडा, नाहीतर शॉर्ट झालाच म्हणून समजा.

सांधा वळणावर किंवा पॉइंटखाली (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा) येऊ देऊ नका. आधुनिक डबे लांब असतात. 1:87 प्रमाणात 26.4 मीटरचा डबा सुमारे 30 सेंमी भरतो, त्यामुळे वळणावरची जराशी चूकही कपलिंगला जाणवते.

चाचणी घेताना सर्वांत लांब गाडी सावकाश मागे ढकला, पुढे ओढताना दोष लपतात. वाहतुकीत कापलेली टोकं कशात तरी अडकून वाकतात, तेव्हा फळीच्या कडेला प्लायवुडचं झाकण स्क्रूने लावूनच ती वाहनात चढवा.