बँकॉकमध्ये नव्या मित्रांबरोबर रात्री बाहेर पडताय? या चुका टाळा

मुंबईतून एकट्याने बँकॉकला निघालेली मुलं क्लबांची यादी विमानात बसण्याआधीच तयार ठेवतात. परत कसं यायचं, हे मात्र ठरलेलं नसतं. शेवटची बोरिवली किती वाजता, हे इथे ज्यांना तोंडपाठ असतं, तेच तिथे ‘बघू नंतर’ म्हणतात. बीटीएस (पुलावरून धावणारी शहरी रेल्वे) आणि एमआरटी (मेट्रो) साधारण मध्यरात्रीच बंद होतात. खाओ सान रोड या बॅकपॅकर्सच्या, बारनी भरलेल्या रस्त्याला तर जवळ बीटीएसचं स्टेशनच नाही.

मग होतं ते असं. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये चौघांची ओळख होते आणि दहा वाजता सगळे एकाच टॅक्सीने निघतात. टॅक्सी एकाच्याच फोनवरून मागवलेली, पत्ताही त्याच्याकडेच. एक वाजता तो दुसऱ्याच कुणाबरोबर निघून जातो. मागे राहिलेल्याच्या फोनची बॅटरी संपत आलेली, हॉस्टेलचं नाव अर्धवट आठवतंय, टॅक्सीवाल्याला फक्त ‘सुखुमवित’ सांगता येतं. सुखुमवित हा कित्येक किलोमीटरचा रस्ता आहे. त्याच्या गल्ल्यांचे, म्हणजे सोईंचे, विषम आकडे एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला; समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. चुकीच्या सोईत उतरलात की समोरचा टुकटुकवाला मागेल ते भाडं द्यावं लागतं.

म्हणून थाई लिपीत पत्ता छापलेलं कार्ड रिसेप्शनवरून मागून खिशात ठेवा. नुसता फोटो पुरत नाही, कारण फोन बंद पडला की फोटोही गेला. ग्रॅब किंवा बोल्ट हे टॅक्सीचं अ‍ॅप मुंबईतच डाउनलोड करून स्वतःच्या नंबरवर नोंदवा. भारतीय सिम काढून ठेवू नका, रोमिंग चालू ठेवा आणि डेटासाठी वेगळं ई-सिम घ्या. बँकेचा ओटीपी जुन्याच नंबरवर येणार. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधीच चालू करा, नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो. शिवाय 500 बाथ वेगळ्या खिशात, फक्त परतीसाठी. त्यांना पार्टीत हात लावायचा नाही.

दुसरी चूक बादलीची. खाओ सानवर प्लास्टिकच्या बादलीत बहुतेकदा स्थानिक रमची छोटी बाटली, कोला आणि एनर्जी ड्रिंक ओततात आणि चार स्ट्रॉ टाकून देतात. बाटली 300 मिलीची असेल, तर 30 मिलीचे दहा पेग झाले. गोडीमुळे दारू जाणवत नाही, कॅफिनमुळे झोप येत नाही, त्यामुळे किती चढली आहे याचा अंदाजच येत नाही. चौघांत कोण किती प्यायलं, हेही मोजता येत नाही. पहिल्याच रात्री सगळं करून बघायची घाई असलेले इथेच आडवे होतात. आपली बाटलीबंद बिअर घ्यावी, समोर उघडून घ्यावी आणि टेबलावर सोडून नाचायला जाऊ नये. मोठी बाटली 620 मिलीची असते, म्हणजे दोनमध्येच सव्वा लिटर होते.

बिल शेवटी सारखं वाटून घेऊ, हेही नको. प्रत्येक फेरीला आपले पैसे आपण द्या. मेनूवर किमतीपुढे दोन अधिकचिन्हं असतील, तर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर 7 टक्के व्हॅट लागतो: 300 चे 353 होतात.

पॅटपाँग या नाइटलाइफच्या गल्लीत ‘शो फुकट, फक्त ड्रिंकचे पैसे’ म्हणणाऱ्यामागे जिना चढू नका. कुणी दिला तरी व्हेप (ई-सिगारेट) हातात घेऊ नका, तिथे त्यावर बंदी आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईतल्या एका मित्राला लाइव्ह लोकेशन पाठवा, एक तासाचं नको, आठ तासांचं. बँकॉक दीड तास पुढे आहे. तिथे दोन वाजले तर इथे साडेबारा, कुणीतरी जागं असतंच. तिथल्या पर्यटक पोलिसांचा 1155 हा नंबरही आधीच स्वतःच्या फोनमध्ये टाकून ठेवा.