एअर पिस्तुलाची हवा उतरते? पिस्तूल उघडण्याआधी या चुका टाळा

संध्याकाळी २०० बारला (बार हे हवेच्या दाबाचं एकक) भरलेला सिलिंडर सकाळी १८० दाखवतो आणि दुपारपर्यंत पिस्तूल टेबलावर सुटं झालेलं असतं. १० मीटर एअर पिस्तुलाच्या हळू गळतीत पिस्तुलं बिघडतात ती बहुधा या घाईने. हवा कुठून जाते हे कळायच्या आत चार ठिकाणी हात घातला की एका गळतीच्या तीन होतात, आणि मूळची कोणती होती हेही मग सांगता येत नाही. खालचं सगळं दाबाच्या हवेवर चालणाऱ्या, सिलिंडर सुटा निघणाऱ्या मॅच पिस्तुलांबद्दल आहे: स्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाउ वगैरे.

गरम सिलिंडरचा आकडा खरा मानणं

घाईने भरलेला सिलिंडर हाताला गरम लागतो. आतली हवा ४५ अंशांवर असताना २०० बार दिसत असेल, तर ती २५ अंशांवर आल्यावर साधारण १८७ बारच उरतात. ही गळती नाही. मोठ्या टाकीचा कॉक अगदी हळू उघडा, भरायला मिनिटभर तरी लागू द्या, तासाभराने आकडा वाचा आणि तोच लिहून ठेवा. एसी रेंजवर भरलेला सिलिंडर बाहेरच्या उन्हात वाचून तुलना करू नका.

गेजवर विसंबणं, वजन न करणं

सिलिंडरवरचं गेज नखाएवढं. काट्याच्या जाडीतच पाच-सहा बार हरवतात. त्यापेक्षा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. सिलिंडर साधारण १०० मिलिलिटरचा असेल, तर १० बार हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम भरतं, म्हणजे एका बारची घटही वजनकाट्यावर दिसते.

सिलिंडर भरा, थंड होऊ द्या, कोरडा पुसा, पिस्तुलाला न लावता वजन करा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी वजन तेच असेल, तर सिलिंडर निर्दोष आहे आणि गळती पिस्तुलात आहे. वजन घटलं असेल, तर सिलिंडर एकटाच पाण्याच्या काचेच्या भांड्यात बुडवून बुडबुडे पाहा: व्हॉल्व्हच्या तोंडाशी की गेजच्या बुडाशी. व्हॉल्व्हमधून येत असतील, तर बहुतेक वेळा तिथे कण अडकलेला असतो. पिस्तुलासोबत मिळालेल्या हवा सोडायच्या स्क्रूने क्षणभर हवा सोडली की तो निघून जातो. खिळ्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने व्हॉल्व्हची पिन दाबू नका. ती वाकली की सिलिंडर गेलाच. गेजचा आणि डोक्याचा जोड घरी उघडू नका, ते काम अधिकृत सर्व्हिसचं.

पिस्तुलातली गळती तीन ठिकाणी असते: सिलिंडरच्या जोडावर, रेग्युलेटरमध्ये (सिलिंडरचा दाब उतरवून एकसारखा ठेवणारा भाग), किंवा फायरिंग व्हॉल्व्हमधून (फायर करताना छर्र्यामागे हवा सोडणारा व्हॉल्व्ह) नळीत. जोड आणि रेग्युलेटर साबणाच्या पातळ पाण्याने, बारीक ब्रशने तपासा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल, तर त्याच्या आसपास थेंबही जाऊ देऊ नका. फायरिंग व्हॉल्व्हसाठी छर्रा नाही याची खात्री करा, ब्रीच (छर्रा भरायची जागा) बंद करा, नळीच्या तोंडावर रबरी हातमोज्याचं बोट ताणून बसवा आणि ट्रिगरला हात लावू नका. तासाला एक बार जात असेल, तर १०० मिलिलिटरच्या सिलिंडरमधून तेवढ्या वेळात साधारण १०० मिलिलिटर हवा बाहेर येते. बोट फुगलेलं स्पष्ट दिसतं. फुगलं, तर हातमोजा काढा आणि सुरक्षित दिशेला, छर्र्याविना, दहा-पंधरा वेळा हवेचे फायर करा. शिशाचा कण असेल तर उडून जातो. नाही गेला, तर सर्व्हिसकडे द्या. व्हॉल्व्हची बैठक पॉलिश पेपरने घासणारे तिला कायमची वाकडी करतात.

रेग्युलेटरचं भोक बुजवणं

ही चूक क्लबांमध्ये पुन्हा पुन्हा दिसते. रेग्युलेटरच्या अंगावर एक बारीक भोक असतं. साबणाचं पाणी लावल्यावर तिथे बुडबुडा आला की गळती सापडली असं वाटतं, आणि एपॉक्सीचा थेंब लावून भोक बंद केलं जातं. एका नेमबाजाच्या पिस्तुलाचं असंच झालं. बुडबुडा थांबला, रात्रभर दाब टिकला. रेंजवर मात्र पहिले शॉट लक्ष्यावरच्या दहाच्या वर चढू लागले, मग आवाज दबला, आणि पुढे छर्रा नळीतच अडकला. तोवर दोष ट्रिगरला, मग छर्र्यांना, मग मनगटाला देऊन झाला होता.

कारण साधं आहे. रेग्युलेटरच्या पिस्टनमागे बशीसारख्या स्प्रिंगांची चळत असते आणि त्या कप्प्यात बाहेरच्या हवेइतकाच दाब राहायला हवा, त्यासाठीच ते भोक. पिस्टनची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) झिजली की हवा त्या कप्प्यात शिरते आणि भोकातून बाहेर पडते. भोक बंद केलं की कप्प्यात दाब साठतो, पिस्टनला मागे सारणारं बळ कमी पडतं आणि रेग्युलेटर पुढे जास्त दाब सोडतो. छर्र्याचा वेग आधी वाढतो. मग दाब इतका चढतो की हॅमरला (व्हॉल्व्हवर आदळून तो उघडणाऱ्या हातोडीला) फायरिंग व्हॉल्व्ह पुरेसा उघडताच येत नाही. भोकातला बुडबुडा म्हणजे आतली ओ-रिंग गेल्याची सूचना, तीच बदला.

त्यासाठी सिलिंडर काढा, सुरक्षित दिशेला आवाज पूर्ण बंद होईपर्यंत फायर करा, मगच स्क्रूला हात लावा. सिलिंडर काढल्यावरही आत दाब शिल्लक असतो, हे विसरणाऱ्याच्या चेहऱ्याजवळून सुटे भाग उडतात. स्प्रिंगांची चळत काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. एक बशी उलटी बसली तरी दाब बदलतो. जोडल्यावर क्रोनोग्राफवर वेग पाहा. मॅच पिस्तूल साधारण १५० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास चालतं. तुमच्या पिस्तुलाचा कारखान्यातला आकडा त्याच्या कागदावर असतो.

ओ-रिंगशी होणारा अत्याचार

जुनी ओ-रिंग सुईने, कंपासच्या टोकाने उकरून काढू नका. खोबणीच्या तळाला केसाएवढा ओरखडा पडला तरी २०० बारची हवा त्यातूनच वाट काढते, आणि मग कितीही नव्या रिंगा घाला. लाकडी टूथपिक किंवा प्लॅस्टिकचं टोक पुरतं.

हार्डवेअरच्या दुकानात मापाची रिंग मिळते, पण ती बहुतेक ७० शोर कडकपणाची असते. सिलिंडरच्या जोडावर पूर्ण दाब येतो. मऊ रिंग फटीत ढकलली जाते आणि तिची कड कुरतडल्यासारखी होते. तिथे ९० शोरची नायट्राइल किंवा पॉलियुरेथेन हवी. माप सांगताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही सांगा. जुनी रिंग नमुना म्हणून देऊ नका, ती दबून चपटी झालेली असते.

सिलिकॉन ग्रीस रिंगेला चकाकी येईल इतकंच. थापलेलं ग्रीस धूळ धरतं आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४०, कोणतंही खनिज तेल या हवेच्या वाटेत नको. दाब एकदम वाढला की तापून पेट घेऊ शकतं. आणि ऑक्सिजनच्या टाकीवरून सिलिंडर कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून, भरायचा नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या

आट्यांवर टेफ्लॉन टेप: इथे हवा ओ-रिंग अडवते, आटे नाहीत. टेपचे धागे मात्र रेग्युलेटरच्या जाळीत जाऊन बसतात.

पान्याने आवळणं: हाताने आवळूनही सिलिंडर गळत असेल, तर रिंग बदला.

पावसाळ्यात हातपंप: मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पंपाचं पाणी वारंवार सोडा आणि सुकवणारा फिल्टर लावा. पाणी आत गेलं की ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये पांढरी भुकटी धरते आणि ती व्हॉल्व्हवर येते.

मुदत संपलेला सिलिंडर: या सिलिंडरांची मुदत साधारण १० वर्षांची, तारीख अंगावरच असते. नव्या ओ-रिंगने ती वाढत नाही. तारीख उलटली असेल, तर हवा सोडा, स्पर्धेच्या बॅगेतून तो काढा आणि नवा मागवा.